म्युनिकहून ३ दिवस न्युरेंबर्ग, आई शाकाहारी, बाबा रेल्वेवाले, जमेल काय?

शहापूरचा_पोरगा

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी आपल्या भागातलं कोणी जर्मनीला जाऊन आलंय काय, नाहीतर तिकडं राहतंय काय, असाल तर जरा मदत करा. माझा धाकटा भाऊ म्युनिकला नोकरीला आहे, मे मध्ये आईबाबांना घेऊन ३ आठवडे त्याच्याकडं जायलोय. त्याला सुट्टी नाही जास्त, म्हणून मधले ३ दिवस आम्ही तिघंच कुठंतरी जाऊन यायचं ठरवलंय, म्हणजे त्यालाही जरा श्वास घ्यायला मिळेल, एका खोलीच्या घरात चौघं म्हणजे तुम्हाला कळलंच.

भाऊ म्हणतो डोंगरावरचा तो परीकथेतला राजवाडा बघा, सगळे तेच बघतात. पण आईचे गुडघे दुखतात, आणि मला ते एका फोटोसाठी दिवसभर रांगेत उभं राहायला नको वाटतं. मी न्युरेंबर्ग बघून ठेवलंय, जुनं गाव, किल्ला, ट्रेनने जवळ. भाऊ म्हणतो तिथं काय आहे, दोन तासात संपतं. खरं काय?

अडचणी सांगतो. आई शुद्ध शाकाहारी, अंडं पण नाही, केकमध्ये अंडं आहे म्हटलं की बशी बाजूला. बाबा मटण कोंबडी खातात पण डुक्कर आणि बीफ नाही. मी सगळं खातो, आईसमोर सोडून. बाबा रेल्वेतनं रिटायर झालेत, त्यांना राजवाडे बिजवाडे नको, स्टेशनवर नेऊन बसवलं तरी दिवस काढतील. शनिवार रविवार सोमवार असा विचार आहे. आणि हो, भावासाठी ३ किलो कुंदा न्यायचाय, चालतो ना?


टिळकवाडी_ते_एर्लांगेन

न्युरेंबर्गच्या शेजारच्या गावात ४ वर्षं आहे, त्यामुळं माझं मत एकतर्फी समजा. दोन तासात संपतं म्हणणारा माणूस स्टेशन ते चौक आणि परत एवढंच फिरलेला असतो. तुमच्या भावाला माझा राग नको, म्युनिकवाले असंच बोलतात, आपले पुणेवाले बेळगावबद्दल बोलतात तसं. आणि इथल्या लोकांना बव्हेरियन म्हटलं की चेहरा पडतो, आम्ही फ्रँकन म्हणतात. राज्य बव्हेरियाच, पण बोली वेगळी, जेवण वेगळं, आणि राजधानीबद्दल कुरकुर कायमची. सीमाभागातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आधी खायचं सांगतो कारण फसाल तर तिथंच. 'व्हेज आहे काय' एवढं विचारून इथं भागत नाही. हॉटेलात 'क्लोस मिट सोस' असतं, बटाट्याचा मोठा पांढरा गोळा आणि वर तपकिरी ग्रेव्ही, लहान पोरांचं आवडतं. आईला वाटेल बटाटाच तर आहे. पण ती ग्रेव्ही डुकराच्या भाजलेल्या मांसाची असते! माझ्या आईने पहिल्या वेळी दोन घास खाल्ले आणि मला नंतर कळलं, अजून तिला सांगितलेलं नाही. बटाट्याची कोशिंबीर पण तशीच, इकडं ती मांसाच्या पाण्यात करतात. कोबीचं आंबवलेलं सावरक्राउट असतं त्यात चरबी नाहीतर बेकनचे तुकडे. चीज घातलेल्या श्पेट्झले नावाच्या शेवया मेनूत व्हेजमध्ये दिसतील, पण त्या पिठात अंडं असतं. एकूण काय, नाव बघून नाही तर नीट विचारून घ्यायचं.

मग खायचं काय. तुम्ही मे मध्ये येताय हे फार बरं, तेव्हा श्पार्गेलचा सीझन असतो. पांढरं शतावर म्हणजे ॲस्परॅगस, बोटाएवढं जाड, साधारण एप्रिलच्या मध्यापासून २४ जूनपर्यंतच मिळतं आणि ही माणसं त्यासाठी वेडी होतात, आपल्याकडं हापूस आला की होतं तसं. मुख्य चौकात, हाउप्टमार्क्टला, भाजीवाले ढीग मांडून बसतात. आईसाठी उकडलेलं श्पार्गेल, उकडलेले बटाटे आणि वरून वितळलेलं लोणी सांगा. पिवळा हॉलंडेज सॉस घालू नका म्हणायचं, त्यात अंड्याचा बलक. मीठ कमी वाटेल, पर्समध्ये चटणीची पुडी असू दे. मशरूमची क्रीम ग्रेव्ही आणि बटाट्याचा क्लोस, हे पण विचारून मिळतं. नाहीतर इंडियन हॉटेलं आहेत, तुर्की लोकांचं फलाफल आहे, उपाशी कोणी राहत नाही.

तीन शब्द पाठ करा. ओने फ्लाइश म्हणजे मांसाशिवाय, ओने श्पेक म्हणजे बेकनशिवाय, आणि ओने आय म्हणजे अंड्याशिवाय.


उद्यमबाग_लेथ

ओने आय 😂 आमच्या गावाकडं आईलाच आय म्हणतात, पोरगा आईला शेजारी बसवून वेटरला सांगणार आयशिवाय आणा.

मी गेलोय जानेवारीत, डाय कास्टिंगचं मोठं प्रदर्शन भरतंय तिथं दोन वर्षातनं एकदा, उद्यमबागेतनं आम्ही चौघं होतो. थंडी अशी की मशीनवर वितळलेलं ॲल्युमिनियम बघून तिथंच हात शेकावे वाटायलं. प्रदर्शन झाल्यावर दीड दिवस हातात होता म्हणून फिरलो.

बाबांना डोळे झाकून रेल्वे म्युझियमला न्या. स्टेशनपासनं चालत ५-१० मिनिटं. जर्मनीतली पहिली प्रवासी वाफेची गाडी इथंच धावली, न्युरेंबर्ग ते शेजारचं फ्युर्थ, ७ डिसेंबर १८३५. आपली बोरीबंदर ठाणे १८५३ ची, म्हणजे १८ वर्षं आधी. इंजिनाचं नाव आडलर म्हणजे गरुड, इंग्लंडात स्टीफन्सनच्या कारखान्यात बनलं, आणि चालवायला ड्रायव्हर पण तिकडनंच आला, विल्सन म्हणून. मूळ इंजिन कधीच भंगारात गेलं, आता आहे ती प्रतिकृती. पण मी त्या चाकांजवळ वाकून बसलो ते १५ मिनिटं उठलोच नाही, लाकडी आऱ्यांसारखी बारीक चाकं आणि एवढंसं बॉयलर, आमच्या शॉपवरची क्रेन पण ह्यापेक्षा जड असेल. आणि ऐका, पुढच्या वर्षी ह्याच लाईनवर पहिला माल गेला तो काय, बियरची दोन पिंपं!

तुमच्या भावाने सांगितलेला राजवाडा ज्याने बांधला त्या दुसऱ्या लुडविग राजाचा खासगी रेल्वे डबा पण तिथंच उभा आहे, सोनेरी नक्षी, निळं रेशीम, सगळा थाट. म्हणजे राजवाडा न चढता राजा बघितल्यासारखं. भावाला तेवढं सांगा.

आणखी एक, तिथली मेट्रो. यू२ आणि यू३ ह्या लाईनला ड्रायव्हरच नाही. यू३ २००८ ला सुरू झाली, जर्मनीतली पहिली बिनड्रायव्हरची. सगळ्यात पुढं काचेजवळ उभं राहायचं, बोगदा अंगावर येतो. आम्ही चाळिशीतले चार बाप्ये तिथं पोरांना ढकलून उभे होतो, लाज वाटली नाही.

खाण्याचं म्हणाल तर तिथली बोटाएवढी सॉसेजं, ७ ते ९ सेंटिमीटर, २०-२५ ग्रॅमची एक, बीच नावाच्या झाडाच्या लाकडावर भाजतात, आत मार्जोरमचा म्हणजे मरव्याचा वास. रस्त्यावर पावात तीन घालून देतात, 'द्राय इम वेग्ला' म्हणायचं. युरोपचं भौगोलिक मानांकन आहे त्याला २००३ पासनं, न्युरेंबर्गच्या बाहेर बनवलं तर ते नाव लावता येत नाही. एवढी बारीक का तर म्हणे रात्री दार बंद झाल्यावर कुलपाच्या भोकातनं गिऱ्हाईकाला देता यावी, खरं खोटं देव जाणे. पण पूर्ण डुकराचं आहे, तेव्हा बाबांना नाही. तुम्ही आईला रेल्वेची चौकशी करून येतो सांगा आणि जावा. मी अशी चौकशी तीन वेळा केली.


निपाणीकर_ताई

अहो शहापूरवाले, कुंदा राहू द्या. युरोपात बाहेरनं दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातनं न्यायला बंदी आहे, आणि कुंदा म्हणजे निव्वळ आटवलेलं दूध. विमानतळावर ३ किलो काढून टाकताना जीव तुटेल बघा. त्यापेक्षा गोकाकचा करदंट घ्या, डिंक गूळ सुकामेवा, तो टिकतो पण. आमच्या सासूबाईंनी पेढे नेले होते, कस्टमच्या माणसाने डबा उघडून वास घेतला आणि सरळ टोपलीत टाकला, त्या अजून म्हणतात त्याने नंतर खाल्ले असणार.

मी सासूसासऱ्यांना घेऊन मागच्या वर्षी गेले होते, त्यामुळं गुडघ्यांचं मी सांगते. स्टेशनच्या समोर रस्ता ओलांडला की जुन्या गावाची तटबंदी लागते, आत शिरलं की नाकासमोर चालत जायचं, लॉरेन्झचं मोठं चर्च, मग नदी, मग चौक, आणि शेवटी किल्ला. नदीपर्यंत काही त्रास नाही. चौकापासनं पुढं चढ सुरू होतो आणि फरशी सगळी दगडी गोट्यांची, चप्पल सरकते. आम्ही वर टॅक्सीने गेलो आणि येताना हळूहळू उतरलो, हे उलटं केलं असतं तर सासूबाई चौकातच बसल्या असत्या. बूट घाला आईंना, साडीवर शोभत नसलं तरी.

किल्ल्यात एक खोल विहीर आहे, ती चुकवू नका. सुमारे ५० मीटर, खडकात खोदलेली. गाईड वरनं पाणी ओतते आणि सगळ्यांना गप्प करते, मग खालून आवाज यायला इतका वेळ लागतो की आमचे सासरे म्हणाले हिचं पाणी संपलं वाटतं. मग मेणबत्त्या खाली सोडतात, त्या लहान लहान होत जातात. राजवाड्याच्या खोल्या मला सपक वाटल्या, ही विहीर मात्र डोळ्यांसमोर आहे.

चौकातल्या चर्चवर दुपारी बरोबर १२ ला घड्याळातल्या बाहुल्या निघतात, मधे सम्राट बसलेला आणि सात सरदार त्याच्याभोवती तीन फेऱ्या मारतात. १३५६ मध्ये सम्राट कोणी निवडायचा हे ठरवणारा कायदा झाला त्याची आठवण. आम्ही १२:०५ ला पोचलो. फक्त मान वर करून उभी असलेली गर्दी पांगताना बघितली. दुसऱ्या दिवशी ११:४५ ला जाऊन उभे राहिलो. तिथंच उंच सोनेरी कारंजं आहे, त्याच्या जाळीतलं कडं फिरवलं की इच्छा पुरी होते म्हणतात, सासूबाईंनी तीन वेळा फिरवलं, काय मागितलं सांगत नाहीत.

आणि बाबांना सांगा, पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली फेकायची नाही, दुकानातल्या मशीनमध्ये घातली की २५ सेंट परत मिळतात. आमच्या सासऱ्यांना हे कळल्यावर ते इतरांच्या बाटल्यांकडं पण बघायला लागले, आवरताना नाकी नऊ.

व्हिसाचं झालंय ना? अर्ज कुठल्या केंद्रात द्यायचा ते आधीच बघून घ्या. आम्ही त्यातच चार दिवस घालवले. प्रवासाचा विमा ३०,००० युरोचा तरी हवा.


खानापूर_जांबोटी

मी वेगळं बोलतो, राग नको. ३ दिवस एकाच गावात कशाला, एक दिवस बांबेर्गला जा की. ट्रेनने पाऊण तासाच्या आत. युद्धात फारसं पडलं नाही म्हणून सगळं जुनं खरंच जुनं आहे, १९९३ पासनं जागतिक वारशाच्या यादीत. नदीच्या मधोमध पुलावर नगरपालिकेची इमारत बांधलीय, दोन्ही बाजूनं पाणी. आणि धुराच्या वासाची बियर मिळते, पहिला घोट घेतला की वाटतं कोणीतरी चुलीतलं लाकूड विझवलंय ग्लासात. तिसऱ्या घोटाला आवडायला लागतं.

न्युरेंबर्गचं जुनं गाव म्हणाल तर २ जानेवारी १९४५ च्या एका रात्रीत बाँबने जवळजवळ सगळं गेलेलं, नंतर परत बांधलंय. जुनं म्हणून दाखवतात त्यातलं बरंच आपल्या बाबांपेक्षा लहान असेल 😀


टिळकवाडी_ते_एर्लांगेन

बांबेर्ग चांगलं आहे, कोण नाही म्हणतंय, पण दोन म्हाताऱ्या माणसांना घेऊन तीन दिवसात दोन गावं म्हणजे सगळा वेळ बॅगा आणि बाथरूम हुडकण्यात. आणि परत बांधलंय हे कमीपणाचं कसं? तेच दगड गोळा करून, त्याच गल्ल्या त्याच वळणावर उभ्या केल्या, मला तर तेच बघायला आवडतं. ड्युररचं घर तर त्यातनं वाचलंय. चित्रकार आल्ब्रेख्ट ड्युरर, १५०९ पासनं १५२८ ला मरेपर्यंत तिथं राहिला, किल्ल्याच्या पायथ्याशीच आहे, आईंना उतरताना बसायला पण बरं. आणि जर्मानिश म्युझियममध्ये १४९२ चा पृथ्वीचा गोल आहे, आज टिकलेल्या गोलांत सगळ्यात जुना, बेहाइम नावाच्या इथल्याच माणसाने करवून घेतलेला. त्यावर अमेरिका नाहीच! कोलंबस परत यायच्या आधीचा ना.


शहापूरचा_पोरगा

बापरे, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. कुंद्याचं ऐकून भाऊ नाराज झालाय, करदंट नको म्हणतो, नको तर नको. आईला ओने आय वाचून दाखवलं, ती म्हणाली मग मी इथंच राहते की.

दोन प्रश्न. एक, तिथं हिटलरच्या सभांचं मैदान आणि युद्धानंतर नाझी पुढाऱ्यांवर खटला चाललेलं कोर्ट आहे ना, बाबांना ते बघायचंय, पण आईला ह्या वयात तसलं दाखवावं काय कळंना. दुसरं, परत येताना द्यायला काय आणू, चुलत्यांची आणि मावशांची मिळून बारा घरं आहेत.


टिळकवाडी_ते_एर्लांगेन

मैदान आणि कोर्ट दोन्हीपैकी मी कोर्ट म्हणेन. मैदान फार मोठं आहे, १९३३ ते ३८ नाझी पक्षाची संमेलनं तिथं व्हायची, आता त्या दगडी पायऱ्यांवर गवत उगवलंय, चालणं खूप आणि सावली नाही. एकटे असता तर जाच म्हटलं असतं, ती अर्धवट राहिलेली गोल इमारत खालनं बघितली की पोटात कसंतरी होतं.

कोर्ट मेट्रोच्या यू१ वर आहे, बेरेनशांझं स्टेशन. खोली नंबर ६००. २० नोव्हेंबर १९४५ ला खटला सुरू झाला, १ ऑक्टोबर १९४६ ला शिक्षा सांगून संपला, १२ जणांना फाशीची शिक्षा, ३ जण सुटले. वरच्या मजल्यावर प्रदर्शन आहे, आईंना सोसवेल असं आहे, प्रेतांच्या फोटोंचा मारा नाही. मला तिथं लक्षात राहिले ते हेडफोन. इंग्रजी, फ्रेंच, रशियन, जर्मन, चारही भाषांत एकाच वेळी भाषांतर चालायचं, आणि बोलणारा फार भराभर बोलायला लागला की भाषांतरवाले पिवळा दिवा लावायचे, सावकाश बोल म्हणून. आपल्या बेळगावच्या कोर्टाच्या आवारात मराठी, कन्नड, उर्दू, इंग्रजी एका बाकावर ऐकू येतात, तिथं असा एक दिवा हवा होता असं मनात येऊन गेलं.

भेटीला लेबकुखन न्या. मसाल्याचं मोठं बिस्किट समजा, दालचिनी लवंग जायफळ. एलिझन म्हणून लिहिलेलं बघून घ्या, त्यात सुकामेवा किमान २५ टक्के आणि पीठ १० टक्क्यांच्या आत असावं लागतं, म्हणजे करदंटाचाच लांबचा भाऊ. पण त्यातही अंडं आहे, आईंना आधीच सांगा. बारा घरात कोणकोण अंडं खात नाही ते तुम्हीच मोजा.

आणि खरी अडचण तुमच्या वारांची आहे, कोणी बोललंच नाही. रविवारी इथं दुकानं बंद, चौकात भाजीवाले नाहीत, म्हणजे श्पार्गेलचे ढीग पण नाहीत. सोमवारी बहुतेक म्युझियमं बंद, बाबांचं रेल्वे म्युझियम पण. कोर्टातलं प्रदर्शन मात्र सोमवारी चालू आणि मंगळवारी बंद. शनिवार रविवार सोमवार म्हणजे तुम्ही नेमके नको ते दिवस निवडलेत. गुरुवार शुक्रवार शनिवार करा.


उद्यमबाग_लेथ

होय की, आम्ही रविवारी अडकलो होतो. एका हॉटेलचं दार ढकलतोय ढकलतोय, आतला माणूस काचेतनं हात हलवून नाही म्हणतोय, शेवटी स्टेशनात जाऊन पाव खाल्ला.

ट्रेनचं सांगायचं राहिलं. म्युनिकहून आयसीई, म्हणजे तिकडची वेगवान गाडी, एक तासापेक्षा जरा जास्त घेते. पण तिघं आहात तर बायर्न तिकीट काढा, एका तिकिटावर ५ जणांपर्यंत, दिवसभर राज्यात कुठंही, फक्त आयसीई चालत नाही आणि कामाच्या दिवशी सकाळी ९ नंतरच. त्यावर इंगोलश्टाटवरनं जाणारी साधी एक्सप्रेस पावणेदोन तासात पोचवते, साधी म्हणजे ती पण काही ठिकाणी भलतीच जोरात पळते, बाबांना खिडकीजवळ बसवा.


शहापूरचा_पोरगा

ठरलं मग, गुरुवार ते शनिवार. भावाला सांगून खोली बुक करायला लावलीय, १४ मे ला सकाळी ९ नंतरची गाडी. बांबेर्ग पुढच्या वेळी, खानापूरवाले रागावू नका.


निपाणीकर_ताई

अहो थांबा, २०२६ चाच १४ मे ना? तो गुरुवार तर येशूच्या स्वर्गारोहणाचा सण, तिकडं सरकारी सुट्टी, रविवारसारखंच सगळं बंद. आम्ही पण त्याच्यातच सापडलो होतो.


टिळकवाडी_ते_एर्लांगेन

ताईंचं बरोबर आहे, मीच विसरलो. त्या दिवशी इथले बाप्ये हातगाडीत बियरची पेटी घालून रानात फिरायला जातात. एक आठवडा पुढं ढकला, २१ ते २३.


शहापूरचा_पोरगा

२२ ला परतीचं विमान आहे. बुधवार गुरुवार शुक्रवार, ६ ते ८ मे करतो, ६ ला कोणाचा सण नाही ना? भाऊ तिसऱ्यांदा बुकिंग बदलायलाय, फोनवर एक शब्द बोलला नाही.


उद्यमबाग_लेथ

६ ला काही नाही. बुकिंग करा आणि भावासाठी तो करदंट घ्याच, नको म्हणू दे.